उजनीच्या काठासाठी कयाक: परदेशातून मागवायच्या की सोलापुरातून घ्यायच्या?

पार्श्वभूमी

माढा तालुक्यात उजनी जलाशयाच्या काठावर एका कुटुंबाचं कृषी पर्यटन केंद्र आहे. डाळिंबाची बाग, शेततळं, थंडीत हुरडा, आणि रोहित पक्षी बघायला येणारे पाहुणे. शेती काका बघतात, बुकिंग आणि खरेदी पुतण्याकडे. (गाव, माणसं, दुकान ओळखू येणार नाहीत इतपत तपशील गाळला आहे. रकमा जवळच्या शंभरात किंवा हजारात धरल्या आहेत.)

२०२४ च्या उन्हाळ्यात उजनी मायनसमध्ये, म्हणजे वापरायोग्य साठ्याच्याही खाली, खोल गेली होती, ऑगस्टमध्ये भरली. पाणी आल्यावर केंद्राने ठरवलं की या हंगामात पाहुण्यांसाठी कयाक, म्हणजे वल्ह्याने चालवायच्या लहान अरुंद होड्या, घ्यायच्या. इंजिनची बोट नको, कारण आवाजाने पक्षी उठतात आणि डिझेल, चालक, परवाना हा व्याप वेगळाच. बेत होता दोन माणसांच्या सहा होड्या, अठरा लाइफ जॅकेटं, वल्ही. बजेट साडेतीन लाख. जलसंपदा विभागाची परवानगी आणि राज्याच्या २०२१ च्या साहसी पर्यटन धोरणाखालची नोंदणी ही कामं समांतर चालू होती. त्यांचा इथे फक्त एवढाच संबंध, की कोणत्याही तपासणीत किंवा विमा दाव्यात पहिली मागणी पक्क्या बिलाची आणि जॅकेटांच्या चाचणी दाखल्याची होणार होती.

अडचण

पुतण्याला एका परदेशी कारखान्याची हवेची कयाक सापडली. पीव्हीसीची, दोन माणसांची, नगाला रुपयांत सुमारे १७,०००. तशीच होडी सोलापुरात नवी पेठेजवळचा खेळसाहित्याचा दुकानदार ४३,००० ला मागवून देणार होता. पुण्याच्या विक्रेत्याकडे देशी बनावटीची कडक प्लॅस्टिकची कयाक जीएसटीसह ३६,००० ला होती. १७ आणि ४३ हे आकडे शेजारी ठेवले की दुकानदार लुटतोय असंच वाटतं. काकांनाही तसंच वाटलं.

जॅकेटांचा प्रश्न जास्त नाजूक होता. २१ मे २०२४ रोजी कुगाव ते कळाशी या जलमार्गावर वादळी वाऱ्यात बोट उलटून सहा जणांचा जीव गेला. त्यानंतर उजनीच्या काठावर कुणीही ‘जॅकेट असलं म्हणजे झालं’ असं म्हणू शकत नव्हतं. दुकानात शिल्लक होती ती ९०० रुपयांची भगवी जॅकेटं. ना लेबल, ना क्षमतेचा आकडा, आत फोमचे तुकडे आणि शिवण सुती दोऱ्याची. असा दोरा ऊन आणि पाणी आलटून पालटून खाऊन एका हंगामात कुजतो.

१७,००० चे ३८,००० कसे होतात

पुतण्याने न्हावा शेवा बंदरात काम करणाऱ्या सीएचएकडून, म्हणजे सीमाशुल्काची कामं करून देणाऱ्या दलालाकडून, लेखी अंदाज मागवला. सहा होड्यांचा हिशोब असा आला:

- माल १,०२,००० आणि समुद्रभाडं, विमा १४,०००, म्हणजे सीआयएफ १,१६,०००
- सीमाशुल्क, त्यावरचा अधिभार आणि या सगळ्या बेरजेवर आयजीएसटी (आयातीवरचा जीएसटी) मिळून सुमारे ७३,०००
- बंदरातले खर्च, म्हणजे डिलिव्हरी ऑर्डर, गोदाम, कागदपत्रं, सीएचएची फी: ३१,०००
- न्हावा शेवा ते टेंभुर्णी टेम्पो ७,५००

एकूण २,२७,५००, म्हणजे नगाला जवळपास ३८,०००. हे कर त्या वेळच्या दराने आहेत. २०२५ मध्ये जीएसटीची रचना बदलली आहे, त्यामुळे आज हा हिशोब करणाऱ्याने मालाचा एचएस कोड (ज्यावरून शुल्काचा दर ठरतो तो वर्गीकरण क्रमांक) सीएचएकडून लेखी घ्यावा आणि त्या दिवसाचा दर लावावा. कोड चुकला की दर चुकतो, आणि माल बंदरात अडकल्यावर तो वाद घालणं महाग पडतं.

या यादीत फसवी ओळ आहे ती तिसरी. ‘सीआयएफ न्हावा शेवा’ या भावात भाडं बंदरापर्यंतचं असतं. कंटेनर उतरल्यानंतरचा प्रत्येक कागद आणि प्रत्येक हलवाहलव घेणाऱ्याच्या डोक्यावर. सहा खोक्यांचा माल जेमतेम एक घनमीटर भरत होता. दुसऱ्यांच्या मालासोबत एका कंटेनरमध्ये येणाऱ्या अशा लहान मालाला बंदराचे खर्च एक घनमीटरला जेवढे, तीन घनमीटरलाही साधारण तेवढेच लागतात. वीस होड्या घेणाऱ्याला परदेशी भाव परवडतो आणि सहा घेणाऱ्याला नाही, याचं मुख्य कारण हे. दुकानदाराचा ४३,००० चा भाव याच गणितातून आला होता. त्याचा स्वतःचा नफा त्यात नगाला चार-पाच हजारांच्या वर नव्हता.

कडक प्लॅस्टिकची होडी परदेशातून आणण्याचा विचारही झाला, पण पाच मिनिटांत संपला. कुरिअरवाले लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून ५,००० ने भागतात आणि येणारा आकडा किलो म्हणून धरतात. ३०० × ८० × ४० ची होडी प्रत्यक्षात ३० किलोची असली तरी भाडं १९२ किलोचं.

दोन्हीकडून आलेला खोटा कागद

निर्णयाचा पहिला खरा टप्पा इथे आला. परदेशी विक्रेत्याने आपणहून सुचवलं की बिलावर किंमत ४० टक्केच लिहू, शुल्क वाचेल. त्याच आठवड्यात सोलापूरचा दुकानदार म्हणाला, “कच्चं बिल चालत असेल तर आठ टक्के कमी करतो की, मालक.”

दोन्ही प्रस्ताव नाकारले गेले, आणि तत्त्वापेक्षा कारणं व्यवहाराची होती. किंमत कमी दाखवलेला माल सीमाशुल्क कायदा १९६२ च्या कलम १११ खाली जप्त होऊ शकतो, कलम ११२ खाली दंड होतो, आणि ती जबाबदारी आयात करणाऱ्याची असते, विकणाऱ्याची नाही. कच्च्या बिलावर वॉरंटी नाही, विमा दावा नाही. पाहुण्याला इजा झाली तर जॅकेट कुठून घेतलं हे सिद्ध करायला कागदच उरत नाही.

‘वैयक्तिक वापरासाठी’ म्हणून मागवण्याची पळवाटही सोडून दिली. होडी भाड्याने देणार म्हणजे वापर धंद्याचा. त्यामुळे काकांच्या पॅनवर डीजीएफटीच्या (विदेश व्यापार महासंचालनालयाच्या) संकेतस्थळावरून आयईसी, म्हणजे आयात-निर्यात कोड, काढला. फी ५०० रुपये. कोड म्हणजे पॅन क्रमांकच असतो, आणि दरवर्षी एप्रिल ते जून या काळात त्यातली माहिती अद्ययावत करावी लागते. ते विसरलं तर कोड निष्क्रिय होतो.

एक नमुना

सहा मागवण्याऐवजी एकच होडी विमानाने मागवायची, असं ठरलं. या प्रकरणातला सगळ्यात महाग वाटलेला आणि सगळ्यात जास्त कामाला आलेला खर्च हाच.

खोकं ८५ × ५५ × ३५, वजन १९ किलो, भाड्याचं वजन ३३ किलो. भाडं १६,५००. शुल्क मात्र पूर्ण भाड्यावर लागलं नाही, कारण विमानाने आलेल्या मालाच्या मूल्यांकनात भाडं मालाच्या किमतीच्या २० टक्क्यांहून जास्त धरत नाहीत. १७,००० च्या मालाला ३,४०० भाडं आणि थोडा विमा धरून शुल्क-कर १३,००० झाले. कुरिअर कंपनीच्या पहिल्या बिलात मात्र पूर्ण भाडं धरलं होतं. पुतण्याने बिल ऑफ एंट्री (सीमाशुल्काकडे भरलेला आयातीचा कागद) मागून ताडून पाहिलं म्हणून ते सापडलं आणि दुरुस्त झालं. क्लिअरन्सची फी १,८००. एकूण ४८,३००.

होडी चांगली होती, पण आल्यावर चार गोष्टी कळल्या.

दुरुस्तीच्या डब्यात गोंदच नव्हता. पीव्हीसीचा गोंद ज्वलनशील असल्यामुळे साध्या हवाई पार्सलमधून जात नाही, विक्रेत्याने ट्यूब काढून घेतली होती. सोलापुरातल्या पंक्चरवाल्याचं रबर सोल्युशन पीव्हीसीवर धरत नाही. तासभर उन्हात ठेवलं की ठिगळ सुटतं. अशोक चौकाकडच्या एका ताडपत्रीवाल्याकडे दोन घटकांचा पॉलियुरेथेन गोंद मिळाला, तो टिकला. पद्धत अशी: भोकाच्या चारी बाजूंनी पाच सेंटिमीटर जास्त ठिगळ कापायचं, दोन्ही पृष्ठभाग अॅसिटोनने पुसायचे, पातळ दोन थर, बोटाला चिकटेल पण ओढणार नाही इतकं सुकू द्यायचं, मग रोलरने मधून कडेकडे दाबायचं आणि २४ तास हवा भरायची नाही.

दुसरी गोष्ट वेडी बाभूळ. उजनीचं पाणी उतरतं तसा काठ सरकतो. उघड्या पडणाऱ्या गाळात बुडून मेलेल्या बाभळींची खोडं आणि काटे असतात. हवेच्या होडीला पहिल्या पंधरा दिवसांत दोन भोकं पडली, दोन्ही उतरण्याच्या जागी.

तिसरी गोष्ट ऊन. बाजूच्या नळ्यांत हवेच्या दाबाची मर्यादा ३ पीएसआय होती. सकाळी २५ अंशांना ३ भरून होडी काठावर ठेवली आणि कापड ५५ अंशांपर्यंत तापलं, तर आतला दाब साडेचारच्या वर जातो. सोलापूरच्या ऑक्टोबर हीटमध्येही गडद कापड इतकं तापतं, एप्रिलचं तर विचारायलाच नको. म्हणून काठावर असताना २ पीएसआय, पाण्यात उतरवून पाच मिनिटांनी ३, आणि बाहेर काढताच आधी हवा कमी, असा नियम करावा लागला. पाहुणे सांभाळत हे सहा होड्यांना रोज करणं अवघड.

चौथी गोष्ट मात्र हवेच्या होडीच्या फायद्याची. १९ किलोची होडी एक माणूस खांद्यावर नेतो. पाणी दोनशे मीटर मागे गेल्यावर ही फार मोठी सोय ठरते. कडक होडीला दोन माणसं किंवा चाकाची गाडी लागते.

निर्णय

सरसकट ‘परदेशी की स्थानिक’ असं ठरवण्याचं इथे सोडून दिलं आणि प्रत्येक वस्तूला दोन प्रश्न लावले. ही मोडली तर आठवड्यात कोण दुरुस्त करेल? आणि ही खराब निघाली तर परत कुठे जाईल?

होड्या: पाहुण्यांसाठी देशी बनावटीच्या कडक चार. हवेची एक मार्गदर्शकासाठी आणि मदतीसाठी ठेवायची. पुण्याहून थेट घेतल्या तर चार नगांना टेम्पोसह १,५१,००० पडत होते. सोलापूरच्या दुकानदाराने त्याच कारखान्याच्या होड्या पोहोच १,५४,००० ला दिल्या.

जॅकेटं: इथे आधी खटका उडाला. पुतण्याने दुकानात वेगवेगळी मापं अंगावर घालून बघितली, लेबलांचे फोटो काढले आणि तिथेच मोबाइलवर परदेशी भाव काढला. दुकानदाराने बघितलं. “माप इथं घ्यायचं आन् माल तिकडनं मागवायचा. मग उद्या बक्कल तुटलं तर कुणाकडं येणार, मालक?” त्याचं म्हणणं रास्त होतं. दुकानात मापं घालून दाखवणं ही सेवा आहे आणि तिची किंमत वस्तूच्या भावात दडलेली असते. वस्तू दुसरीकडून घेतली की ती सेवा फुकटात उचलली जाते.

मग केंद्राने ती किंमत उघडपणे मांडली. एका पानावर मागणी लिहून दिली: पोहता न येणाऱ्यांसाठी १०० न्यूटनचं (न्यूटन हे तरंगवणाऱ्या जोराचं माप) फोमचं जॅकेट, आयएसओ १२४०२-४ किंवा त्या तोडीच्या चाचणीचा दाखला, मानेमागे कॉलर, शिट्टी, परावर्तक पट्टी, लहान मापांना पायांमधून जाणारा पट्टा, शिवण पॉलिएस्टर दोऱ्याची. भाव बाजारापेक्षा १२ टक्के जास्त चालेल, पण त्यात आठ दिवसांत माप बदलून मिळालं पाहिजे, सुटी बक्कलं आणि पट्टे दुकानात शिल्लक असले पाहिजेत, आणि आमच्या चाचणीत नापास झालेला माल परत घेतला पाहिजे. दुकानदाराने मुंबईहून देशी कारखान्याची दाखल्यासह जॅकेटं आणली, नग २,७००.

आपोआप फुगणारी परदेशी जॅकेटं दिसायला सुटसुटीत असतात, पण ती बाद केली. १५० न्यूटनच्या जॅकेटात साधारण ३३ ग्रॅमची कार्बन डायऑक्साइडची नळी असते. एकदा फुगलं की नवी नळी हवी, आणि दाबाखालच्या वायूमुळे तीही साध्या पार्सलने येत नाही.

शेततळ्यातली चाचणी

जॅकेटाचा तरंग मोजायला प्रयोगशाळा लागतेच असं नाही. बिडाचं एक किलो वजन पाण्यात बुडालं की साधारण ८.४५ न्यूटनने खाली ओढतं. म्हणजे १०० न्यूटनच्या जॅकेटाने १२ किलो बिडाची मापं पेलून पाण्यावर राहायला हवं, ५० न्यूटनच्याने ६ किलो. किराणा दुकानातली पाच, पाच आणि दोन किलोची मापं दोरीने जॅकेटाखाली बांधायची, मापं पूर्ण बुडली पाहिजेत आणि तळाला टेकता कामा नयेत. आधी जॅकेट दाबून अडकलेली हवा काढायची. मग २४ तास तसंच ठेवायचं, कारण खराब फोम लगेच बुडत नाही, पाणी पीत पीत बुडतो. बेशुद्ध माणसाचं तोंड वर वळतं का हे या चाचणीत कळत नाही, म्हणून दाखल्याला हा पर्याय नव्हे.

प्रत्येक मापाचं एक जॅकेट शेततळ्यात टाकलं. एक्सएलचं जॅकेट संध्याकाळपर्यंत नीट होतं, सकाळी खाली गेलं होतं. त्या मापाची पाचही जॅकेटं परत केली, नवव्या दिवशी दुसऱ्या लॉटची आली आणि पास झाली. परदेशातून आणली असती तर पाच जॅकेटांचं परतीचं भाडंच त्यांच्या किमतीच्या वर गेलं असतं. शिवाय परत आलेल्या मालावर पुन्हा शुल्काचा प्रश्न.

हंगामात काय झालं

नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात होड्या पाण्यात उतरल्या. एकूण खर्च २,६८,३००, नमुन्यासह.

वल्ह्यांमध्ये स्थानिक दुकानाने गोंधळ केला. बारा वल्ही १७,४०० ला घेतली, पण दुकानदाराने शिल्लक असलेली २१० सेंटिमीटरची खपवली. होडीची रुंदी ८५ सेंटिमीटर. एवढ्या रुंदीला २३० ते २४० लागतं. आखूड वल्ह्याने माणूस बाजूला झुकतो, बोटांची पेरं होडीच्या कडेवर आपटतात आणि पाणी मांडीवर येतं. वापरलेला माल म्हणून त्याने निम्म्याच किमतीला परत घेतला. मागणीच्या पानावर जॅकेटांचा तपशील होता, वल्ह्यांची लांबी नव्हती, त्यामुळे फार भांडताही आलं नाही.

जानेवारीत एका कडक होडीला बुडालेल्या दगडी बांधावर घासून, पाणी निथळायच्या भोकापाशी चीर गेली. शेततळ्याचा प्लॅस्टिक कागद जोडणारा कारागीर गरम हवेचं यंत्र घेऊन आला आणि त्याने एचडीपीईच्या दांडीने वेल्ड मारला. चार दिवसांत तो कडेने सुटला. होडीचं प्लॅस्टिक एलएलडीपीई होतं, आणि दोन्ही पॉलिइथिलीनच असली तरी वितळण्याचं तापमान आणि लवचीकता जुळत नाही. दुकानदाराने कारखान्याकडून त्याच प्लॅस्टिकची दांडी मागवली, त्याच कारागिराने चिरेच्या दोन्ही टोकांना लहान छिद्रं पाडून चीर थांबवली, व्ही आकाराची खाच करून पुन्हा वेल्ड केला. ५५० रुपये आणि एक आठवडा. तो जोड हंगाम संपेपर्यंत टिकला. जिल्ह्यात गल्लोगल्ली शेततळ्याचे कारागीर असणं हा कडक होडीचा असा फायदा आहे, जो कोणत्याही भावपत्रकात दिसत नाही.

हवेच्या होडीला हंगामात पाच ठिगळं लागली, पण फेब्रुवारीत पाणी मागे गेल्यावर मार्गदर्शक तीच वापरू लागला.

वेगळं काय करता आलं असतं

ऑर्डर जूनमध्ये द्यायला हवी होती. उजनी भरण्याची वाट बघितल्यामुळे ऑगस्ट उजाडला, आणि गणपती ते दिवाळी हा काळ कारखाना, ट्रान्सपोर्ट आणि दुकान तिघांच्याही घाईचा. जॅकेटं बदलून घ्यायला नऊ दिवस लागले ते त्यामुळेच.

नमुना परदेशी होडीचा मागवला, तसा देशी होडीचाही बघायला हवा होता. पुण्याला एक फेरी मारून होडीत बसून वल्हं मारलं असतं, तर लांबीची चूक तिथेच कळली असती.

नमुना विमानाने आणण्याऐवजी असे माल एकत्र मागवणारे दोन-तीन केंद्रचालक शोधता आले असते. तीन जणांनी मिळून तीन घनमीटर माल आणला असता तर बंदराचे ३१,००० तिघांत वाटले गेले असते. पण त्यात एक अडचण आहे: बिल ऑफ एंट्री एकाच्याच नावाने होतं, आणि बाकीच्यांना माल देताना त्याला विक्रीचं बिल करावं लागतं. त्यासाठी जीएसटी नोंदणी असलेला माणूस हवा. सोलापूरचा तो दुकानदार हेच काम करू शकला असता. त्याला कुणी विचारलं नाही.

पुढच्या हंगामासाठी आणखी दोन होड्या घ्यायच्या आहेत. दुकानदार मे महिन्यात ५० टक्के आगाऊ मागतो आहे. केंद्राने उलट अट घातली आहे: आगाऊ ४० टक्के, पोहोचल्यावर ३०, आणि उरलेले ३० शेततळ्यातल्या चाचणीनंतर. वल्ह्याची लांबी यावेळी पहिल्याच ओळीत लिहिली आहे. दुकानदाराने अजून होकार दिलेला नाही.